कुष्ठरोग आणि एच.आय.व्ही. : एका भाकिताचा इतिहास

रोगांचा इतिहास बहुधा एकेका रोगाचा म्हणून लिहिला जातो. देवीचा इतिहास निराळा, प्लेगचा निराळा, हिवतापाचा निराळा. ग्रंथलेखनाच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक असली, तरी रोगी माणसाचे शरीर अशी वाटणी मानीत नाही. एकाच देहात दोन रोग वस्तीस आले, म्हणजे ते एकमेकांस बळ देतील की नाही, एकाची खूण दुसऱ्याच्या खुणेत लपेल की नाही, एकावरचे औषध दुसऱ्यास मानवेल की नाही, असे अनेक प्रश्न उभे राहतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतापुढे असाच एक प्रश्न उभा राहिला. मानवाला ज्ञात असलेल्या अतिप्राचीन रोगांपैकी एक, कुष्ठरोग, या देशात ठाण मांडून होता. त्याच वेळी अगदी नवा असा एच.आय.व्ही.चा संसर्ग येथे येऊन पोहोचला. या दोहोंची गाठ पडल्यावर काय होईल, याविषयी जाणत्यांनी एक भाकीत केले होते. ते भाकीत कसे झाले, कसे फसले, आणि फसूनही वैद्यकाला काय शिकवून गेले, याची हकीकत बोधप्रद आहे.

प्रथम जुन्या रोगाकडे वळू. १८७३ साली नॉर्वेतील बर्गन येथे गेरहार्ड आर्मौअर हॅन्सेन याने कुष्ठरोग्याच्या गाठींतून कांडीसारखे जंतू दाखविले. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने वा आनुवंशाने होत नसून जंतूने होतो, ही गोष्ट त्यामुळे प्रस्थापित होऊ लागली. परंतु हा जंतू मोठा विलक्षण निघाला. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो आजपर्यंत वाढविता आलेला नाही. एका जंतूचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. शरीरात शिरल्यावर रोगाची खूण उमटण्यास सरासरी पाच वर्षे, आणि कित्येकदा वीस वर्षेही जातात. मानवी शरीरातील थंड भाग, म्हणजे त्वचा, नाकाचा अंतर्भाग आणि वरच्या थरातील नसा, हे त्याचे आवडते ठिकाण.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या रोगाचे रूप जंतूवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर असते. जिची पेशीजन्य प्रतिकारशक्ती बळकट, अशा व्यक्तीच्या अंगावर एखाददुसराच बधिर चट्टा उमटतो आणि त्यात जंतू क्वचितच सापडतात. जिची ती शक्ती या जंतूपुरती निष्प्रभ, तिच्या सर्वांगात जंतूंचा सुळसुळाट होतो. या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी या पायऱ्यांची पाच गटांत मांडणी केली, व ती पुढे सर्वमान्य झाली.

त्याच १९६६ साली रीस या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांची थायमस ग्रंथी काढून, त्यांवर क्ष-किरणांचा मारा करून, त्यांची प्रतिकारशक्ती त्याने खच्ची केली आणि मग त्यांना कुष्ठाच्या जंतूंची लागण केली. सामान्य उंदराच्या तळपायात बेताने वाढणारे जंतू या दुबळ्या उंदरांत भरमसाट वाढले. प्रतिकारशक्ती गेली की कुष्ठ मोकाट सुटते, असा धडा या प्रयोगाने घालून दिला. वीस वर्षांनंतर या धड्याची आठवण पुन्हा निघावयाची होती.

आता नव्या रोगाची कथा. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मिळ न्यूमोनियाची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये या व्याधीच्या मुळाशी असलेला विषाणू सापडला. १९८६ साली भारतातील पहिला पुरावा हाती आला. मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांची तपासणी वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली, आणि त्यांपैकी काहींत या विषाणूची खूण आढळली. हे वेलोर कुष्ठरोगाच्या इतिहासातही थोर मानले जाते. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करण्याचा आरंभ तेथेच केला होता. जुना रोग आणि नवा रोग यांच्या वाटा भारतात आरंभीच एका गावी येऊन मिळाल्या, हा योगायोग लक्षणीय होय.

हा काळ कुष्ठनिर्मूलनाच्या दृष्टीने मोठ्या आशेचा होता. १९४० नंतरच्या दशकात आलेल्या डॅप्सोन या औषधाने पहिल्यांदा खरा गुण दाखविला. पण एकाच औषधावर विसंबल्यामुळे जंतू त्यास दाद देईनात. यास्तव १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित, म्हणजे बहुविध औषधोपचार पुरस्कारिला. १९८३ साली भारताच्या नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात झाले. खेडोपाडी फिरणारे कार्यकर्ते चट्टे शोधू लागले, महिन्याच्या महिन्याला गोळ्या देऊ लागले, आणि रोग्यांची संख्या उतरू लागली. हा गाडा नुकता कोठे रुळावर येत असतानाच प्रतिकारशक्तीचा घात करणारा विषाणू दाराशी येऊन उभा राहिला.

अशा स्थितीत १९८८ साली टर्क आणि तेच रीस यांनी कुष्ठविषयक एका नियतकालिकात या दोन रोगांच्या संबंधाविषयी एक संपादकीय टिपण लिहिले. त्यातील भीती तर्कशुद्ध होती. एच.आय.व्ही. ज्या पेशींना मारतो, त्याच पेशी कुष्ठाच्या जंतूला आवर घालतात. क्षयाचा जंतू हा कुष्ठाच्या जंतूचा भाऊबंद, आणि एच.आय.व्ही.च्या संसर्गाने क्षय बळावतो हे तोवर दिसू लागले होते. तेव्हा कुष्ठाचे रोगी वाढतील, त्यांत जंतूबहुल रोगाचे प्रमाण अधिक राहील, आणि बरे झालेल्यांतही रोग उलटेल, असे अनुमान निघत होते. उंदरावरचा प्रयोग, क्षयाचा अनुभव आणि पुस्तकी ज्ञान हे तिन्ही साक्षीदार एकाच बाजूने बोलत होते.

पुढची दहा वर्षे या अनुमानाच्या परीक्षेत गेली. आफ्रिकेत टांझानिया, युगांडा, इथिओपिया, माली या देशांत कुष्ठरोग्यांच्या रक्ताची तपासणी झाली. भारतात चेंगलपट्टू येथील केंद्रीय संस्थेने, जिची स्थापना १९५५ साली झाली, कुष्ठरोग्यांची आणि अन्य लोकांची तुलना केली. आग्र्यासही अशी पाहणी झाली. निष्कर्ष एकंदरीत अनपेक्षित होता. एखाददुसऱ्या पाहणीत थोडाफार संबंध दिसला, पण बहुतेक ठिकाणी कुष्ठरोग्यांत एच.आय.व्ही.चे प्रमाण इतर लोकांपेक्षा अधिक आढळले नाही. आफ्रिकेतील ज्या प्रदेशांत एच.आय.व्ही.ने हाहाकार उडविला व क्षयाचे रोगी कित्येक पटींनी वाढविले, तेथेही कुष्ठाची लाट उसळली नाही. भाकीत खोटे ठरले होते.

त्याहून चकित करणारी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील संशोधकांनी दोन्ही रोग असलेल्या रोग्यांच्या त्वचेचे तुकडे तपासले व १९९५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तातील सीडी-४ पेशी घटलेल्या असतानाही सौम्य कुष्ठाच्या चट्ट्यांत पेशींचा तो सुघटित वेढा, ज्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात, जसाच्या तसा उभा होता. क्षयात हा वेढा ढासळतो, कुष्ठात मात्र टिकतो. सेनेची संख्या घटली तरी या एका गडावरचे पहारेकरी जागचे हलले नाहीत, असे काहीसे हे दृश्य होते. याचे पूर्ण स्पष्टीकरण शास्त्राने अद्यापि दिलेले नाही. एक कारण मात्र सयुक्तिक वाटते. ते म्हणजे काळाचे. कुष्ठाच्या जंतूला आपले रूप दाखविण्यास वर्षेच्या वर्षे लागतात आणि औषध नसलेल्या त्या काळात एच.आय.व्ही.चा रोगी तितकी वर्षे जगतच नसे. कुष्ठाला फुलण्यास अवधीच मिळाला नाही. हे कारण खरे असेल, तर त्यातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. रोग्याचे आयुष्य वाढले, म्हणजे लपलेले कुष्ठ वर येईल.

परंतु तेथवर जाण्यापूर्वी रक्ततपासणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जंतूबहुल कुष्ठाच्या रोग्याचे रक्तद्रव नाना प्रकारच्या प्रतिपिंडांनी भरलेले असते. त्यामुळे उपदंश नसतानाही उपदंशाची चाचणी होकारार्थी येते, हे जुन्या डॉक्टरांना चांगले ठाऊक होते. हाच प्रकार एच.आय.व्ही.च्या बाबतीतही दिसला. झाईर देशात कुष्ठरोग्यांची तपासणी करणाऱ्या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले, की कुष्ठाच्या जंतूविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड एच.आय.व्ही.च्या चाचणीत चुकीचा होकार देऊ शकतात. ज्या माणसाला समाजाने एका रोगापायी गावाबाहेर काढले, त्याच्या कपाळी न झालेल्या दुसऱ्या रोगाचा शिक्का बसणे ही केवळ प्रयोगशाळेतील चूक राहत नाही. एका चाचणीवर निर्णय न देता निराळ्या तत्त्वावरील आणखी चाचण्यांनी खात्री करून घ्यावी, हा जो नियम आज सर्वत्र पाळला जातो, त्याची गरज कुष्ठरोग्यांच्या बाबतीत विशेषच आहे.

शिक्क्याचा विषय निघाला म्हणजे कायद्याकडेही पाहावे लागते. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला दिला होता. स्वातंत्र्यानंतर आणि रोग औषधाने बरा होऊ लागल्यानंतरही तो ग्रंथात राहिला, व २०१६ साली रद्द झाला. नव्या रोगाच्या वेळी जुनी सवय डोके वर काढते, याचे उदाहरण गोव्यात घडले. तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यात एच.आय.व्ही.बाधितास सक्तीने अलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास त्या तरतुदीखाली ताब्यात घेऊन म्हापसे येथील एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकांतात ठेवण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, परंतु न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही. पुढे ही सक्ती कायद्यातून सैल करण्यात आली. डॉमिनिक १९९२ साली वारला. रोग बदलला, जंतू बदलला, परंतु कुंपण घालण्याची वृत्ती शंभर वर्षांत फारशी बदलली नव्हती, हेच या प्रकरणावरून दिसून येते.

१९९६ पासून एच.आय.व्ही.च्या उपचारात क्रांती झाली. तीन औषधांच्या संयोगाने विषाणूची वाढ रोखता येऊ लागली, आणि घटलेल्या सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागल्या. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली. मृत्यूच्या दारातून माणसे परत आली, आणि त्याबरोबरच ते अप्रिय अनुमान खरे ठरू लागले. २००३ साली लंडनच्या डॉक्टरांनी युगांडातील एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. एच.आय.व्ही.वरील औषधे सुरू केल्यावर थोड्याच अवधीत त्याच्या अंगावर कुष्ठाचा लालबुंद, सुजलेला चट्टा उमटला. औषधाने रोग दिला काय? तसे नव्हे. जंतू आधीपासूनच होते. झोपी गेलेली प्रतिकारशक्ती जागी झाली आणि तिने शत्रूला ओळखून एकदम हल्ला चढविला. त्या झुंजीची धग म्हणजे तो चट्टा. पाठोपाठ ब्राझील आणि भारत येथूनही असे रोगी नोंदले गेले. २०१० साली या प्रकाराची व्याख्या सुचविण्यात आली. एच.आय.व्ही.चे औषध सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रकट झालेले कुष्ठ किंवा कुष्ठाचा दाह, आणि त्याच काळात सुधारलेली प्रतिकारशक्ती, असे तिचे सार आहे. १९८८ च्या भाकिताने प्रतिकारशक्तीच्या नाशाची भीती घातली होती. प्रत्यक्षात रोग प्रकट झाला तो तिच्या पुनरागमनाने.

यामुळे निदानाची जबाबदारी वाढली. निदानाच्या मूळ खुणा एच.आय.व्ही.ने बदलत नाहीत. फिकट वा लालसर, न खाजणारा, न दुखणारा आणि स्पर्श न समजणारा चट्टा. कोपराजवळ, गुडघ्याखाली वा मानेत जाड झालेली नस आणि तिच्या टापूतील बधिरता किंवा दुबळेपणा. आणि त्वचेला बारीक छेद घेऊन काढलेल्या रसात सापडणारे जंतू, या तीन खुणा आजही प्रमाण आहेत. अडचण येते ती अशी, की एच.आय.व्ही.च्या रोग्यास हातापायांत मुंग्या व बधिरता येण्यास इतरही कारणे असतात. खुद्द विषाणूने नसा बिघडतात. शिवाय स्टॅव्ह्युडिन हे औषध पूर्वी सर्रास दिले जात असे, आणि त्यानेही नसांना इजा होई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. विषाणूची किंवा औषधाची बधिरता बहुधा दोन्ही पायांत सारखी, मोजा चढवावा तशी खालून वर जाते. कुष्ठाची बधिरता एका नसेच्या टापूपुरती, विषम आणि विखुरलेली असते, व ती नस बोटाला जाड लागते. दोहोंतील भेद ओळखण्यास एखादे महागडे यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा, पेन आणि नस चाचपणारी सरावलेली बोटे पुरतात. पण रोग्याचे कपडे दूर करून, उजेडात उभे करून त्याला नीट पाहिलेच नाही, तर केवळ रक्ताच्या अहवालावरून कुष्ठ कळावयाचे नाही. उलट, अंगावरचा चट्टा नवा असेल तर तो औषधाची पुरळ म्हणून किंवा गजकर्ण म्हणून झटकून टाकण्याचा मोह होतो, आणि दरम्यान नस कायमची निकामी होते. बोट वाकडे झाल्यावर झालेले निदान हे निम्मे अपयशच होय.

उपचाराची तत्त्वे मात्र दिलासा देणारी आहेत. एच.आय.व्ही. असो वा नसो, कुष्ठाचा बहुविध औषधोपचार तोच आणि तितकाच. अल्पजंतू रोगास सहा महिने, बहुजंतू रोगास बारा महिने. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही प्रकारांत तिन्ही औषधे देण्याची शिफारस केली. क्षयात रोज दिल्या जाणाऱ्या रिफाम्पिसिनमुळे एच.आय.व्ही.ची कित्येक औषधे रक्तात कमी पडतात. कुष्ठात तेच औषध महिन्यातून एकदा द्यावयाचे असल्याने ही अडचण पुष्कळच हलकी होते. डॅप्सोन आणि झिडोव्ह्युडिन ही दोन्ही रक्त पातळ पाडणारी, म्हणजे पंडुरोगास कारण होणारी औषधे असल्याने, ती एकत्र आल्यास रक्तातील हिमोग्लोबिनकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते. चट्टे सुजले, नस दुखू लागली, तर प्रेडनिसोलोन वेळीच आणि पुरेसे आठवडे द्यावे लागते. दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसात या औषधाने क्षयासारखे दुसरे संसर्ग उठण्याचा संभव असल्यामुळे त्यांचा आधी शोध घ्यावयाचा असतो. दाह उठला म्हणून एच.आय.व्ही.ची औषधे मध्येच बंद करणे सामान्यतः अयोग्य, कारण ज्या शक्तीने दाह उठविला, तीच रोग्याला जगवीत असते.

या दोन रोगांनी आपल्या औषधांचीही देवघेव केली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. कुष्ठावरचे डॅप्सोन एच.आय.व्ही.च्या रोग्यांस होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी वापरात आले. क्लोफाझिमिनचाही क्षयसदृश जंतूंवर त्या रोग्यांत प्रयोग झाला. गर्भास घातक म्हणून बदनाम झालेले थॅलिडोमाइड कुष्ठाच्या एका वेदनामय दाहावर गुणकारी आहे, असे जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांना १९६४ च्या सुमारास दिसले. तेच औषध पुढे एच.आय.व्ही.च्या रोग्यांच्या तोंडातील व्रणांवर तपासले गेले.

शेवटी उरतो तो व्यवस्थेचा प्रश्न. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी हे लक्ष्य गाठले. या यशामागे हजारो कार्यकर्त्यांचे पायपिटीचे कष्ट होते. परंतु निर्मूलन या शब्दाचा अर्थ रोग नाहीसा झाला असा अनेकांनी घेतला, आणि नस चाचपणारी सरावलेली बोटे हळूहळू कमी झाली. वस्तुतः २०२२-२३ या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले. जगातील नव्या रोग्यांपैकी ते निम्म्याहून अधिक होते. २०२३ च्या अंदाजानुसार एच.आय.व्ही.सह जगणारे भारतीय २५ लाखांहून अधिक होते. या दोन संख्यांची जेथे गाठ पडते, तेथील माणसे थोडी आहेत. पण एका रोगाचे केंद्र एका इमारतीत, दुसऱ्याचे दुसऱ्या इमारतीत, एकाचे कार्ड एका खात्याचे, दुसऱ्याचे दुसऱ्या खात्याचे, अशा स्थितीत हीच थोडी माणसे दोहोंच्या मधल्या फटीत पडतात.

हॅन्सेनने १८७९ साली एका रोगी स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून कुष्ठाचा अंश टोचला, आणि त्यापायी १८८० साली न्यायालयाने त्यास रुग्णालयातील पदावरून दूर केले. २०१७ साली भारताने केलेल्या आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एच.आय.व्ही.विषयक कायद्याने संमतीवाचून तपासणी आणि रोगापायी भेदभाव या दोहोंस मनाई केली. २०१९ साली कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले. कायद्याने इतका पल्ला गाठला आहे. राहिलेला पल्ला दवाखान्यातला आहे. एच.आय.व्ही.ची औषधे न्यावयास आलेल्या माणसाच्या अंगावर एखादा फिकट चट्टा आहे काय, हे विचारणे, आणि कुष्ठाच्या रोग्यास त्याच्या संमतीने, त्याचा मान राखून दुसऱ्या तपासणीचा सल्ला देणे, इतकेच काम आहे. ते वेळेवर झाले, तर त्या माणसाचा हात हातासारखा राहील आणि त्याला आपले आयुष्य आपल्या गावात, आपल्या माणसांत काढता येईल.